काचेतले मास्तर

“आजोबा, तुम्ही खरे आहात का?”

हा प्रश्न माझा नाही. म्हणजे तोंड माझं, पण प्रश्न माझ्या मैत्रिणीचा, चष्मिसचा, आणि “विचारून दाखव, नाहीतर नाव बदल” ही पैज दुसरीची, लंबूची. मागच्या वर्षापर्यंत वर्गात ‘हजर’ म्हणतानाही मला घाम फुटायचा. मग बाईंनी वक्तृत्व स्पर्धेत बळेबळे उभं केलं, मी तिसरी आले (होतोच तिघी, पण ते असू दे), आणि तेव्हापासून माझ्या तोंडाला कुलूप लागलेलं नाही. घरी मला भोंगा म्हणतात. कौतुकानेच म्हणत असावेत.

तर आमच्या रस्त्याच्या खालच्या टोकाला कॉफीचं नवं दुकान झालंय, आणि त्याच्या दर्शनी काचेमागे एक म्हातारे शिंपी बसतात. पायाचं मशीन, गळ्यात टेप, पुढ्यात राखाडी विजार. येणारेजाणारे त्यांचे फोटो काढतात. चष्मिसच्या मते तो बाहुला आहे, आत मोटर बसवलीय. लंबूच्या मते तो नट आहे, कारण विजार रोज तीच असते. मी घाईघाईने विषय बदलला.

आमचंही शिवणाचंच दुकान आहे ना! रस्त्याच्या वरच्या टोकाला. एकेकाळी या रस्त्याच्या दर दारात एक शिंपी बसलेला असायचा म्हणे, आता उरलोय आम्हीच. बाकी सगळीकडे फोनची कव्हरं, केक आणि नखं रंगवून देणाऱ्या ताया. त्यात भर म्हणजे एक कंपनी आख्खा रस्ता ‘पुन्हा जुना’ करतेय. नव्या दिव्यांना जुना आकार दिलाय. समोरच्या भिंतीला आधी रंग लावला आणि मग तोच खरवडला, जुनी दिसावी म्हणून. आई सुई हातात धरून बघतच राहिली. “आपली भिंत फुकटात खरवडलेली आहे, तिचं कुणाला काही नाही,” म्हणाली.

खरं सांगू? मला नवा रस्ता आवडतो. आधी संध्याकाळी इथे अंधार असायचा, आता मैत्रिणी स्वतःहून येतात. पण त्या कॉफीच्या दुकानात दुसरी काच रिकामी आहे, आणि तिच्यात बसायला बाबांना विचारलंय. उत्तर आज रात्रीपर्यंत द्यायचंय. बाबा गेले की आमचं दुकान बंद, कारण आई काजं-बटणं करते, पण मापं आणि कापणं बाबांचंच. आईला वाटतं, जावं. “पंखा आहे, पाठीला टेकायला आहे, आणि गिऱ्हाइकाची कटकट नाही.” बाबांना काय वाटतं ते बाबांनाच ठाऊक नाही. दोन दिवस दोघं माझ्यामार्फत बोलतायत. “तुझ्या बाबांना सांग, चहा निवतोय.” बाबा समोरच बसलेले असतात!

तर मी काचेच्या बाजूच्या दारातून आत शिरले आणि विचारलं. चष्मिस आणि लंबू बाहेर काचेला नाक लावून.

आजोबांनी मशीनचं चाक हाताने थांबवलं. “चिमटा काढून बघ.”

मी खरंच काढला.

“आई गं! तू वरच्या दुकानातली ना? बापाचं नाक घेतलंस आणि अक्कल तिथेच ठेवून आलीस.”

तेव्हा माझी ट्यूब पेटली. हे मोठे मास्तर! ज्यांनी बाबांना कातर धरायला शिकवलं ते. यांचं दुकान बंद झाल्यापासून बाबा रस्त्याच्या या टोकाला फिरकतच नाहीत, मागच्या गल्लीने वळसा घालून जातात.

“मास्तर आजोबा, मग ही विजार कुणाची?”

“कुणाचीच नाही. दिवसभर शिवायची, संध्याकाळी उसवायची, उद्या परत शिवायची. कच्ची टीप घाला म्हणतात, लांब टाक्यांची, उसवायला सोपी जाते. पण हात ऐकत नाही मेला. पक्कीच पडते. मग बसतो उसवत, डोळे फोडत.”

मला हसू आलं आणि लगेच गेलंही.

त्यांचं लक्ष माझ्या दप्तराकडे गेलं. एक पट्टा तुटून लोंबत होता. शिंप्याच्या घरचं दप्तर असंच असतं, गिऱ्हाइकांचं आधी. “दे इकडे,” म्हणाले. विजार बाजूला सारली, जाड सुई लावली आणि पट्टा मशीनखाली घातला. त्यांचा चेहराच बदलला. पाठ सरळ झाली. तोंडात दोरा धरून ते मला ओरडायला लागले, “पट्टा ताणून धर! तुझ्या लग्नाला पुरला पाहिजे!” बाहेर माणसं थांबायला लागली. दोघींच्या मागे चांगली गर्दी जमली.

तेवढ्यात दुकानाची व्यवस्थापक बाई धावत आली. “मास्तर, ते दप्तर आधी काढा. जांभळं आहे! त्या काळात असली दप्तरं नव्हती.”

“कोणत्या काळात?” मी विचारलं. भोंगाच मी.

बाई अडखळली. “म्हणजे... जुन्या.”

“मग मलाही काढा,” मास्तर म्हणाले. “आम्हा शिंप्यांच्याही आधी इथे भांडी ठोकणारे होते. आम्ही आलो तेव्हा ते बोंबलत होते, या शिंप्यांनी रस्त्याची रया घालवली म्हणून. माझ्या बापाने ऐकलंय.”

बाईने बाहेरची गर्दी पाहिली. तिचा आवाज एकदम मऊ झाला. “लोकांना आवडतंय पण. असं करा, हे रोज करू. बेटा, रोज येशील का पट्टा तोडून?”

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मी मास्तरांकडे. पट्टा पक्का झाला होता. तो तोडायला हत्ती लागला असता.

निघताना मी हळूच विचारलं, “आजोबा, बाबांनी यावं का इथे?”

“मला काय विचारतेस? पंखा चांगला आहे.” मग म्हणाले, “आम्ही पूर्वी दारात बसायचो ना, ते उजेडासाठी, आणि लोकांना दिसावं म्हणूनसुद्धा. जो दिसायचा त्याला काम मिळायचं. आता नुसताच दिसतो. बाप विचारेल तर सांग, नाहीतर नको सांगू.”

म्हणजे यावं की येऊ नये? मला काही कळेना. रस्त्याने वर येताना माझ्या डोक्यात नुसता गुंता. दिसणं काही वाईट नाही, मीही स्पर्धेत दिसले म्हणूनच बोलायला लागले. शिंपी गेल्याचं वाईट वाटून घ्यायचं, तर भांडी ठोकणाऱ्यांचं कुणी घ्यायचं? आणि उद्या नखवाल्या ताया गेल्या की त्यांचं? जुना रस्ता कोणता, खरा कोणता, आणि मला त्यातला कोणता हवाय? लंबू म्हणाली, “पैज जिंकलीस ना, मग तोंड असं का?” मी दोघींना उलटं एकच विचारलं. तुमचं दप्तर धड आहे का? नव्हतं. कुणाचंच नव्हतं.

घरी बाबा इस्त्री करत होते, आई काजं. मी एका दमात सगळं सांगून टाकलं, चिमट्यासकट. बाबांनी एवढंच विचारलं, “अजून पक्कीच टीप घालतात?”

“हो. आणि रोज उसवतात.”

बाबांची इस्त्री कापडावर तशीच थांबली. आईने झडप घालून ती उचलली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा थेट त्यांच्याशी बोलली. “अहो, कापड जळेल! नसेल जायचं तर नका जाऊ. पण मग या रस्त्यावर शिवून घ्यायला येणार कोण, तेवढं सांगा.”

बाबा त्याच कापडाची घडी घालत बसले. मग मीच मापं घ्यायच्या स्टुलावर चढले, पाठीवर माझं दप्तर आणि दोन्ही हातांत एकेक.

“आई, बाबा, ऐका. बाबांनी काचेत बसायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मला त्यातलं काही कळलेलं नाही. पण दुकान बंद होणार नाही. शाळा सुटली की मी बसणार, इथे दारात, रस्त्याकडे तोंड करून, सगळ्यांना दिसेन अशी. फाटलेली दप्तरं घेणार. ही चष्मिसची, ही लंबूची, सोमवारी द्यायचा शब्द देऊन आलेय. मला शिवता येत नाही, माहितीये मला, हसू नका. चाक कुठल्या बाजूला फिरवायचं, तेवढं आधी सांगा.”