काढून टाकलेल्या ओळी

पुष्कर महाल भागातल्या आपल्या घरी बसून, फुकटात, एका मुक्त संगणकप्रणालीचा एक कोपरा सांभाळायचा. मुक्त म्हणजे जगात कोणीही वाचावी, कोणीही सुधारावी अशी. त्याचा कोपरा ब्रेल पट्टीचा: पडद्यावरची अक्षरं त्या पट्टीवर टिंबं होऊन वर येतात आणि न दिसणाऱ्या माणसाला बोटांनी वाचता येतात. त्याची बहीण भैरवी हिला जन्मापासून दिसत नाही. या पट्टीच्या जोरावर ती एका सरकारी कार्यालयात पत्रव्यवहाराच्या टेबलावर बसली होती. ते टेबल तिला भांडून मिळालं होतं.

विहंगला मात्र साफसफाईची भारी हौस. कॉलेजात पुष्करचा ज्युनिअर, आता बंगळुरूला बसून उंटावरून शेळ्या हाकणारा. प्रणालीच्या नव्या आवृत्त्या तोच काढायचा. जुना कोड एका सपाट्यात उडवायचं त्याने ठरवलं, त्यात पट्टीचाही होता.

"काहून काढून राहिला बे? लोक वापरतात ते!" पुष्कर फोनवर ओरडला. "एक आवृत्ती थांब. जुन्या पट्ट्यांवर तपासू दे मले."

"भाऊ, तुम्ही प्रत्येक बदलाले हेच म्हणता. काही मोडलं तर मागून जोडू ना. त्यात काय एवढं?"

पुष्करने लेखी हरकत घेतली. प्रणाली सांभाळणाऱ्या बाकीच्यांपैकी तिघांनी विहंगच्या बाजूने पडद्यावर अंगठे उमटवले. त्यातल्या एकानेही अशी पट्टी कधी हातात धरली नव्हती. संध्याकाळच्या आत बदल मंजूर झाला.

नवी आवृत्ती भैरवीच्या ऑफिसात आपोआप चढली, आणि तिच्या बोटांखाली पट्टी सपाट पडून राहिली. साहेबांनी तिला तात्पुरतं म्हणून दाराशी बसवलं, येणाऱ्याजाणाऱ्यांची विचारपूस करायला. अधिकृत आवृत्तीशिवाय मशीनला हात लावायचा नाही, असा तिथला नियम. पुष्करने दुरुस्ती लगोलग लिहिली. ती विहंगने मंजूर करणं तेवढं बाकी होतं.

विहंगने ती परत पाठवली. "चूक झाली, भाऊ, मान्य," तो म्हणाला. "पण अशी घाईघाईत नाही घेता येत. एकदा हात पोळले ना आपले! सगळ्यांले नीट तपासू द्या. पुढच्या आवृत्तीत पाहू."

हसावं की फोन भिंतीवर आपटावा, पुष्करला कळेना. यांना मोडताना घाई चालते, आणि जोडायची वेळ आली की शहाणपण सुचतं. ज्यांचं बिघडलं होतं त्यांना कोणी मत विचारलंच नव्हतं. त्याला सगळ्यांची किळस आली, फुकटात राबणाऱ्या स्वतःचीसुद्धा.

दिवाळीच्या तोंडावर नवी आवृत्ती निघाली. पुष्करची दुरुस्ती तिच्यात जशीच्या तशी होती. इतके महिने तपासून कोणी एक अक्षरही बदललं नव्हतं.

तो धावत स्वयंपाकघरात गेला. भैरवी भुईमुगाच्या शेंगा सोलत होती.

"भैरू, पट्टी चालते आता! उद्या साहेबांले सांग."

"राहू दे, दादा," ती म्हणाली. "त्या टेबलावर नवी पोरगी बसली, महिना झाला. साहेब म्हणे, दाराशीच बरी आहेस तू, लोकांशी गोड बोलते." तिने सोललेले दाणे चाचपून पाहिले. "पोरगी चांगली आहे बिचारी. आलेली पत्रं वाचून दाखवते मले, जेवणाच्या सुट्टीत."