जनगणनेतला गज

मध्यंतराचा अभंग संपत आला तसा पेटीवर साथ करणाऱ्या गिरिधरपंतांच्या बोटांना घाम फुटला. चैत्राच्या उन्हाने बेसा गावच्या मंदिरापुढचा पेंडॉल तापला होता, कूलर नुसता घरघरत होता. पण हा घाम उन्हाचा नव्हता.

आता कीर्तनाला उभ्या असलेल्या त्यांच्या बहीण, यमुताई, शब्द मागणार होत्या.

चाळीस वर्षांचा परिपाठ होता तो. बुक्का लागला, हार घालून झाला, की ताई म्हणायच्या, "द्या हो एक लांबलचक शब्द!" श्रोत्यांतून शब्द यायचा. त्यातली अक्षरं उचलून ताई उभ्या उभ्या पाच लहान शब्द काढायच्या आणि पाचव्या शब्दावर उत्तररंगातलं आख्यान लावायच्या. लोक त्यासाठी पारशिवनीहून येत.

फाल्गुनात कन्हानला मात्र ताई शब्द घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मिनिटभर. कुणीतरी तेवढंच मोबाइलवर टिपलं आणि ते पुण्याला त्यांच्या लेकीपर्यंत, नूपुरपर्यंत पोचलं. डॉक्टर झाले, गोळ्या सुरू झाल्या. नूपुरने मामाला बजावलं, "बेस्याला आई पुन्हा अडली तर ते शेवटचं कीर्तन. मी येऊन तिला घेऊन जाईन." ताईंनीही ते कबूल केलं होतं. झांजेशिवाय ती बाई घरात कशी बसेल, हे काही गिरिधरपंतांच्या डोळ्यांपुढे येईना.

म्हणून त्यांनी एक गोष्ट केली. आठ दिवस सकाळच्या चहाला 'कमलनयन' हा शब्द ताईंपुढे टाकला, गंमत म्हणून. कमल, नयन, कलम, लय, नमन. आठव्या दिवशी ताई घडाघडा म्हणू लागल्या. आणि कीर्तनाला नेहमी पहिल्या रांगेत बसणाऱ्या वंदनाला गिरिधरपंतांनी सांगून ठेवलं, "ताईंनी मागितला की तू लगेच ओरड."

"द्या हो शब्द!" ताई म्हणाल्या.

नेमकी तेव्हा वंदना बुक्क्याची वाटी घेऊन बायकांच्या गर्दीत अडकली होती.

"जनगणना!" मागून सुशील मास्तर ओरडले. पेंडॉल हसला.

ताईही हसल्या. "वा मास्तर, देवाच्या दारीही ड्युटी! घ्या. जन." तबल्यावर थाप पडली. "गण."

तिसरी थाप पडली. शब्द आला नाही.

तबलजीने ठेका धरून ठेवला. ताईंच्या हातातली झांज अर्धवट उघडी. ओठ हलत होते, डोळे समोरच्या खांबावर. जग, जग, गिरिधरपंत मनात ओरडत होते. पेटीवर वाकून एवढं कुजबुजलं तरी भागलं असतं. पण ध्वनिक्षेपक हातभरावर होता. आणि तिकडे, तिसऱ्या रांगेत, एक मोबाइल वर झाला.

"कमलनयन!" वंदना गर्दीतूनच किंचाळली. "ताई, कमलनयन घ्या!"

"घ्या ना ताई," मंदिर समितीचे मनोहरराव उठून म्हणाले. "देवाचंच नाव हाय. मास्तरचं काय घेऊन बसता, त्याले ड्युटी लागली तं डोक्यात तेच भरलं हाय!"

ताईंनी वंदनाकडे पाहिलं. मग सावकाश मान वळवून भावाकडे. गिरिधरपंतांनी नजर पेटीत घातली.

"गिरू," त्या ध्वनिक्षेपकातच म्हणाल्या, "हे तुझं काम."

ठेका थांबला.

"मायबाप हो, हा शब्द मला येतो. माझ्या भावानं आठ दिवस चहाबरोबर पाजलाय. आत्ता पाच काढून दाखवीन, तुम्ही टाळ्या द्याल. पण देवापुढं उभं राहून पाठ केलेलं 'सुचलं' म्हणून सांगू? मला हल्ली शब्द सापडत नाहीत. मास्तरांच्या शब्दातले मला दोनच सापडले. उरलेले असतील तुमच्याकडे, तर द्या."

गिरिधरपंतांना वाटलं, संपलं. आपल्याच हातांनी संपवलं.

"जग!" म्हातारी जिजाबाई बोलली. "जग नाई का त्यात, बाई?"

"नाग!" मागून दुसरं कुणी.

"आन् गज!" मनोहरराव जवळजवळ ओरडलेच. "हत्ती, हत्ती!"

"गज," ताई म्हणाल्या. एकदा, दोनदा. मग झांज वाजली. "गजेंद्र! सरोवरात उतरला हो आपल्या बळाच्या तोऱ्यात, आणि पाय धरला…"

त्या पुन्हा थांबल्या. कीर्तनकार असं मुद्दाम विचारतात. हे मुद्दाम नव्हतं, आणि ते आता सगळ्या पेंडॉलला ठाऊक होतं.

"मगरीनं!" शंभर तोंडं बोलली.

"मगरीनं!" ताईंनी वरचा सूर लावला. गिरिधरपंतांच्या हातांनी तो कधी उचलला, त्यांना कळलं नाही. बळ सरलेल्या हत्तीने सोंड वर करून हाक मारली, तेव्हा बायका डोळे पुसत होत्या. आख्यानात ताई आणखी एकदा अडल्या. आणखी एकदा लोकांनी दिलं.

आरती झाल्यावर मनोहरराव हात जोडून आले. "ताई, उद्याचं कीर्तन पाच वाजताच ना?"

ताई भावासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तू माझ्यामागं असलं काही लपवणार नसशील, तर उभी राहीन. नाहीतर नूपुरला सांग गाडी काढायला."

"ताई, तुझं हसं होईल म्हणून मी…"

"झालं का?"

गिरिधरपंतांनी नकारार्थी मान हलवली. खिशातून मोबाइल काढला आणि ताईंच्या देखतच पुण्याला लावला.

"नूपुर, मामा बोलतोय. हो, अडली. दोन-तीनदा अडली, सगळ्यांसमोर. आणि हे बघ, उद्याचं कीर्तन आहे. तू न्यायला येणार असशील तर ये, पण पाचच्या आत ये. पुढं बसायला जागा राहत नाही."