चौथ्या चाकाची तीट

"अहो, थांबलं का?" हिराने स्वयंपाकघरातून विचारलं.

"नाही अजून."

खिळ्याच्या आसावर प्लॅस्टिकचं, रुपयाएवढं चाक फिरत होतं. शनिवारची दुपार. खाली सिंगापुरातल्या सेम्बावांगच्या रस्त्यावर लख्ख ऊन, आणि मी डायनिंग टेबलाशी स्टॉपवॉच घेऊन बसलेलो. चांगलं चाक तीस सेकंद फिरतं, माझ्या हातचं चाळीस. हे मिनिट उलटलं तरी थांबायचं नाव घेत नव्हतं.

मी गोदीत बेअरिंगं तपासतो. फिरणाऱ्या वस्तू का थांबतात, हे बघण्यात माझी वीस वर्षं गेली. आमच्या घरी बुद्धवंदना होते, गंडेदोरे होत नाहीत. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं ऐकून मला वेड्यात काढणं तुम्हाला जरा जड जाईल.

सुरुवात केली समोरच्या फ्लॅटमधल्या नरेशने. पुण्याचा आयटीवाला. त्याच्या नऊ वर्षांच्या प्रणिताची रविवारी लाकडी गाड्यांची शर्यत होती. ठोकळ्यातून कोरलेली गाडी उतरत्या फळीवरून सोडायची. इंजिन नाही, त्यामुळे सगळी मदार चाकांवर. चाकं जड फिरतात म्हणून या हुशार माणसाने त्यांत खोबरेल तेल घातलं आणि गाडी एसीच्या खोलीत ठेवली. सकाळी तेल थिजून दगड. मग खिळे पक्कडीने उपटताना चारही चाकांना तडे.

"दादाराव, आता तुम्हीच काहीतरी करा," तो दारात उभा राहून म्हणाला. मागे प्रणिता, डोळे सुजलेले. "अंकल, नो व्हील्स, हाऊ टू रेस?"

माझ्याकडे चार चाकं होती. आमच्या राणीची.

दोन वर्षांपूर्वी, २००५ साली, मी आणि राणीने ती याच टेबलावर केली होती. खिळ्याची कड कानशीने काढायची, टूथपेस्टने घासून गुळगुळीत करायची, मग ग्राफाइटची काळी पूड चोळायची. चाक फिरवायचं; थांबल्यावर जी बाजू खाली येते ती जड, तिथे आतून जरासं खरवडायचं. एवढं झालं की राणी पुडीत करंगळी बुडवायची आणि चाकाच्या आतल्या बाजूला एक ठिपका लावायची. अकोल्याला आजीला बाळाच्या गालावर तीट लावताना तिने पाहिलं होतं.

"आपण असलं मानत नाही, राणी."

"स्मॉल वन ओन्ली, पप्पा. नजर लागली तर?"

तीन चाकांना तीट लावून झाल्यावर ती म्हणाली, डोकं दुखतंय, चौथ्याला उद्या. डेंग्यू होता. सहाव्या दिवशी ती गेली. मी चाकं कॅमेऱ्याच्या फिल्मच्या डबीत घातली, झाकणाला चिकटपट्टी गुंडाळली आणि डबी कपाटात ठेवून दिली.

नरेश गेल्यावर हिरा म्हणाली, "तिच्या हातचं एवढंच राहिलंय."

"चाकं आहेत ती, हिरा. डबीत ठेवून काय करायचं?"

बोलायला बोललो, पण चिकटपट्टी मी न फाडता, हळूहळू सोडवली. झाकण उघडलं. चारही चाकांना तीट होती.

"तू उघडली होतीस डबी?"

"मी कशाला उघडू?" हिरा जवळ आली. चौथं चाक बघून तिचा आवाज खाली गेला. "तुम्ही नाही ना लावली?"

मी फडक्याने चौथ्या चाकावरचा ठिपका पुसला आणि चाक फिरवलं. तेच हे चाक. हिरा आत जाऊन उगाच भांडी हलवत बसली होती. अखेर ते थांबलं तेव्हा ठिपका पुन्हा होता, अगदी तळाशी, आणि पूड ओली वाटावी इतकी चमकत होती. त्याच्या शेजारी मी ग्राफाइटची पूड लावून माझी करंगळी टेकवली. माझा ठसा दुप्पट मोठा आला. हिराला हाक मारली, तिचाही मोठाच. मी दोन्ही ठसे आणि तो ठिपका पुसून पुन्हा फिरवलं. थांबलं, आणि ठिपका तळाशी. मी घाबरलो होतो, लपवण्यात अर्थ नाही.

तिसऱ्यांदा फडकं उचललं तेव्हा हिराने माझं मनगट धरलं.

"असू द्या. राहिलं होतं तिचं."

मग तिनेच चारही चाकं वाटीत ठेवली. "द्या प्रणिताला. फिरू देत."

रविवारी हॉलमध्ये पोरांचा नुसता कल्ला. प्रणिताची गाडी दुसरी आली. ती धावत आमच्याकडे आली, गाडी तळहातावर उलटी धरून. तीन चाकं थांबली होती. चौथं फिरत होतं, आवाज न करता. खिशात माझ्या हाताला स्टॉपवॉच लागलं, पण मी ते काढलं नाही.

"अंकल, व्हाय धिस वन नेव्हर स्टॉप?"

हिरा खाली वाकली. "पुरे हं आता, दमशील," ती म्हणाली. इमारतीखालच्या झोपाळ्यावरून राणीला बोलावताना ती हेच म्हणायची. तिने चाकावर हलकेच बोट ठेवलं आणि चाक लगेच थांबलं. प्रणिताला वाटलं, आपल्यालाच म्हणतायत. ती म्हणाली, "नॉट टायर्ड, आंटी," आणि पळाली.

हिराच्या बोटावर काळा ठिपका उमटला होता. लहानसा.

बसमध्ये तिने तो हात मांडीवर उताणा ठेवला. घरी आल्यावर ती कणकेच्या परातीशी जराशी उभी राहिली, पण हात घालेना. मी बाह्या सरसावल्या आणि कणीक मळायला घेतली. पाणी जरा जास्तच झालं.