वीणा खाली ठेवायची नाय

आमच्या गावात देव देव करणाऱ्या बाईला दोनच नावं मिळतात, ढोंगी नायतर येडी. मला दोन्ही मिळाली. अकरा वर्षांपूर्वी मी तुळशीची माळ घातली, मटण-मासळी सोडली, तेव्हा नवरा जिवंत होता. तो जेवायला बसला की शेजारी विचारायचे, काय रे, आज पण डाळच का? पुढं तो काविळीनं गेला, तर बाया म्हणाल्या, हिनं त्याला उपाशी मारला. वरून कीर्तन, आतून तमाशा, असं तोंडावर बोलणारी तर माझी सख्खी नणंद आहे, सरिता. मी पण काय गरीब गाय नाय. तिला म्हटलं, तमाशा बघायचाय तर तिकीट काढ.

माझ्या बाजूनं एकच माणूस होतं, माझी सासू सकुबाई. तिला मी आत्ये म्हणायची. तिच्या गळ्यातली माळ चाळीस वर्षांची. गेल्या पावसाळ्यापासून तिच्या छातीत पाणी साठायला लागलं. मुरबाडच्या डॉक्टरनं सांगितलं, वय झालंय, आता घरीच ठेवा. त्या दिवशी परत येताना एसटीत तिनं माझा हात धरला.

"चंद्रे, शेवटचं तुळशीपाणी तुझ्या हातचं दे. दुसऱ्या कोणाचं मी घेणार नाय."

मी शब्द दिला. त्यात काय मोठं, असं वाटलं मला. एका घरात राहतो, मी जाणार कुठं?

आमचं गाव धसईच्या पुढं, डोंगराला लागून. चैत्रात मारुतीच्या देवळात सप्ताह बसतो. सात दिवस, सात रात्री वीणा कोणाच्या तरी गळ्यात असलीच पाहिजे. उभं राहून नाम घ्यायचं, दोन तासांचा पहारा झाला की पुढचा माणूस येतो आणि हातातून हातात वीणा घेतो. ती जमिनीला टेकली किंवा देवळाबाहेर गेली, तर सप्ताह मोडला. आणि घेणारा माळकरी पाहिजे. इतकी वर्षं घेणारे सगळे पुरुषच. आमी बायांनी मागच्या पडवीत भाकऱ्या भाजायच्या.

यंदा माणसंच पुरेनात. पोरं सगळी शहापूरकडं कामाला. माझा पोरगा आदेश पण आटगावला गोदामात आहे, तिकडंच खोली घेऊन राहतो. दुपारी बारा ते दोनच्या पहाऱ्याला यादीत कोणी नव्हतं. मी सप्ताहाच्या कारभाऱ्याकडं, नथूदादाकडं गेले आणि म्हटलं, मला द्या. तो म्हणाला, बायांना अडचण असते. मी म्हटलं, माझी अडचण बंद होऊन चार वर्षं झाली, दवंडी पिटू का? तो खाली बघायला लागला. मग बोलला.

"दिली, वहिनी. पण सांगून ठेवतो. वीणा एकदा का खाली आली, तर या गावात परत कुठल्या बाईच्या हातात जाणार नाय."

पहिल्या दिवशी वीणा गळ्यात पडली तेव्हा मी रडले, खोटं कशाला सांगू. आत्येनं घरी माझ्या हातांना हात लावून स्वतःच्या कपाळाला लावले. चार दिवस सुरळीत गेले. माझ्यानंतर दोन वाजता महिपत यायचा. महिपत म्हणजे आमच्यातला मोठा माळकरी. लग्नसराईत त्याची माळ खुंटीला असते. मटण खाऊन झालं, दोन दिवस उलटले, की आंघोळ करून परत गळ्यात. त्याला कोणी ढोंगी म्हणत नाय. पुरुषमाणूस आहे, चालायचंच.

पाचव्या दिवशी धसईत हळद होती, मटणाचं जेवण. अर्धं गाव तिकडं, उरलेलं जेवून झोपलेलं. देवळात मी, मारुती आणि खांबापाशी एक कुत्रं. सव्वाच्या सुमारास शेजारची रंभा धावत आली. रंभा सगळं खाते, माझ्या माळेला हसते, पण जिवाला जीव देणारी आहे. ती म्हणाली, सकुमावशीला श्वास लागलाय, तुला बोलावते. मी म्हटलं, पळत जा आणि महिपतला घेऊन ये. ती हात हलवत परत आली. महिपत पण हळदीला गेला होता आणि फोन उचलत नव्हता. दुसरा माळकरी गावात सापडला नाय.

रंभेनं हात पुढं केले. "दे गो माझ्याकडं. मी धरते."

तिच्या गळ्यात माळ नव्हती. मी दिली नाय.

तिला घरी पिटाळलं. म्हटलं, आत्येजवळ बस, दोन वाजता मी आलेच. दोन वाजले, अडीच वाजले. वीणा घेऊन घरी पळावं असंही मनात आलं. उंबऱ्यापर्यंत गेले. तिथून आमच्या घराची कौलं दिसतात. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, तसं झालं. परत फिरले. वाटलं, माझ्या जागी आत्ये असती तर तिनं पण हेच केलं असतं. वाटलं, हिनं नाम घेतलंय जन्मभर, मारुतीराया तासभर तरी थांबवेल. आणि खरं सांगू, असंही वाटलं की खाली ठेवली तर नथूदादा हसेल. यातलं कुठलं जास्त होतं, ते मला अजून ठरवता येत नाय.

चारचा पहारेकरी पण आला नाय. पावणेपाचला नथूदादा हळदीला तोंड दाखवून परत आला आणि त्यानं वीणा घेतली. मी धावत सुटले.

आत्ये चारलाच गेली होती. रंभा उशाशी बसली होती, तिच्या हातात पितळेची वाटी तशीच भरलेली. रंभेनं तुळशीपाणी तोंडाला लावलं, तर म्हातारीनं ओठ मिटून घेतले. चंद्री येते, म्हणाली. दोनदा म्हणाली.

सुतक लागलं आणि मला देऊळ बंद झालं. महिपत गावभर सांगत फिरला, मटण खाल्लेल्या हातानं वीणेला शिवायचं म्हणजे पाप, म्हणून मी आलो नाय. लोकांनी माना डोलावल्या. त्यानं नेम पाळला. आणि मी? मी सासूला तहानलेली मारली. वीणा खाली ठेवली असती तर म्हणाले असते, बाईची जात, झेपलं नाय. ठेवली नाय, तर म्हणतात ही बाईच नव्हे. काल्याच्या दिवशी कर्ण्यावरून पहारेकऱ्यांची नावं घेतली. मी घरात बसून ऐकली. माझं नाव घेतलं नाय. पुढच्या वर्षी बायांना पहारा द्यायचा नाय, असंही त्याच दिवशी ठरलं.

आदेश आटगावहून आला, पण चार दिवस माझ्याशी बोललाच नाय. मग एकदा ताटावरून उठला.

"आई, खाली ठेवली असती तर काय झालं असतं?"

"सप्ताह मोडला असता."

"मोडू द्यायचा होतास ना," असं म्हणून तो रडायला लागला.

दहाव्याला आमी नदीवर गेलो. पिंड मांडला. समोरच्या करंजावर कावळे बसलेले, पण एक खाली येईना. आदेश म्हणाला, आजी, मी दर रविवारी घरी येईन. सरिता म्हणाली, तुझ्या नावानं दरवर्षी जेवण घालीन. कावळा येईना. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. महिपत पण होता, गळ्यात माळ घालून.

सरिता म्हणाली, "बोल ना वहिनी. परत वीणेला हात लावणार नाय, ही माळ उतरवते, असं म्हण. आईचा जीव त्याच्यातच अडकलाय."

ऊन डोक्यावर आलं होतं. तिचा जीव कशात अडकलाय ते मला माहीत होतं. मी लोटीत तुळशीचं पान टाकून पाणी घरूनच आणलं होतं. पुढं झाले आणि पिंडाशेजारी दगडावर पाणी सोडलं.

"आत्ये, आणलं बघ. घे गो."

सगळे थांबले. मी पण थांबले. कावळे फांदीवर बसून राहिले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवला आणि लोक पाय धुवायला उठले.

माळ मी उतरवली नाय. आता रोज सकाळी आंघोळ करून ती पितळेची वाटी तुळशीपाण्यानं भरते आणि आत्येच्या खाटेपाशी ठेवते. संध्याकाळी ती तशीच भरलेली असते.