मोरावरची शपथ

मोर भाजणं एकवेळ सोपं. भाजलेल्या मोराला त्याचीच पिसं परत चढवून, चोचीला सोन्याचा वर्ख लावून तो जिवंत दिसेल असा ताटात बसवणं कठीण, आणि गढीच्या मुदपाकखान्यात ते काम माझं. पण ताट सभेत फिरवायचं ते ओदीनने. मालकांच्या मुलाला, ओब्रीला, तिने अंगावर पाजलेलं, म्हणून तो मान तिचा. ताट ज्याच्यापुढे थांबेल त्या सरदाराने मोरावर हात ठेवून पराक्रमाची शपथ घ्यायची. एकदा घेतली की मेलं तरी मोडायची नाही.

त्या हिवाळ्यात नदीपलीकडच्यांशी वैर पेटलेलं. ओदीन सकाळपासून चुलीपाशी घुटमळत होती.

"आज ओब्रीची पाळी येणार गं," ती म्हणाली. "त्या मेल्या भाटाची गाणी ऐकून पोराचं डोकं फिरलंय. आणि तो जाईल तिथे माझा पेरिन जाणार."

खोटं नव्हतं. दोघं एकाच छातीचं दूध प्यायलेले. धन्याने घोडा काढला की दूधभावाने ढाल घेऊन मागे निघायचं, ही आमच्याकडची रीत.

"मग काय करतेस?"

"त्याच्यापुढे ताट थांबवतच नाही. विचारलंच नाही, तर शपथ कसली?"

तेव्हा तरी मला ते शहाणपणाचं वाटलं.

सभेत भाट गात होता. खरा वीर कोण? जो शूर, जो सढळ हाताचा, जो दिल्या शब्दाला जागतो. चौथा गुण तारतम्य, पण ते कडवं येईपर्यंत पेले आपटायला लागायचे. ते धड कुणी ऐकलंय, असं मला आठवत नाही.

ओदीनने ताट फिरवलं. एकाने शत्रूचं निशाण आणायची शपथ घेतली, दुसऱ्याने तोवर गादीवर न झोपायची. ओब्रीपाशी आली आणि मान खाली घालून ती तशीच पुढे निघाली.

"काय गं ओदीन!" ओब्रीचा चुलता गोबेर ओरडला. "बाळ अजून दुधावरच का? मांस पचत नाही वाटतं!"

सभा खदाखदा हसली. ओब्री लालबुंद झाला. बाक ओलांडून धावला आणि ताटावर हात आपटला.

"मी एकटा नदीवरचा पूल ओलांडीन! पलीकडच्या फाटकावर भाला मारल्याशिवाय घोड्याचं तोंड वळवणार नाही!"

"धाकटे मालक, नका हो," ओदीन म्हणाली.

एकटा म्हणे! दूधभावाला कोण मोजतो? पेरिन तिच्याजवळ येऊन म्हणाला, "आई, तोंड नको पाडूस. जातो आणि येतो."

ओब्री आला. भाला फाटकावर बसला, पण परतताना पुलावर त्याचा घोडा पडला. पेरिनने आपला घोडा त्याला दिला आणि तो ढाल घेऊन पाठलागावर आलेल्यांची वाट अडवून उभा राहिला. त्याचं प्रेतसुद्धा मिळालं नाही. भाटाने लगेच गाणं रचलं. त्यात मेलेल्या घोड्याचं नाव होतं, पेरिनचं नव्हतं. जळो ते गाणं!

पुढच्या वर्षी पुन्हा मोर सजला. मी म्हटलं, "यंदा ताट मी नेते, बाई."

"मीच नेणार," ओदीन म्हणाली.

ती तडक गेली आणि ओब्रीच्या पुढ्यात थांबली. मी दारातून बघत होते.

"घे की, वीरा!" गोबेर म्हणाला. "यंदा काय फोडणार?"

ओब्रीने हात उचलला. मग ओदीनच्या तोंडाकडे बघितलं आणि तो हात परत मांडीवर ठेवला.

"मी शपथ घेत नाही."

"का? छाती नाही?"

"नाही समजा."

असा हशा उसळला की विचारू नका. कुणीतरी त्याच्या अंगावर हाडूक फेकलं. बापाने तोंड फिरवलं. ओब्री कानापर्यंत लाल झाला, पण बाकावरून उठला नाही. फाटकावर भाला मारायला गेला तेव्हा नव्हता वाटला, पण त्या घडीला तो मला वीर वाटला.

ओदीन वाकली. तिला कुजबुजायचं असावं, पण आवाज सगळ्या सभेत गेला.

"राजा, हे गेल्या वर्षी का नाही रे सुचलं तुला?"

मग ताट उचलून ती पुढच्या सरदाराकडे गेली.