सरपंचाच्या उंबऱ्यावरचे पाणी

मी पाणी आणायची एक जुनी तांब्याची डोलची आहे. मित्रांनो, स्वतःची कथा सांगणारे बहुतेक जण आपली थोरवी सांगतात. मलाही ती हौस होती, आता उरलेली नाही. आज मी सांगणार आहे ती माझी लाजेची गोष्ट आहे. ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

बल्गेरियातल्या डोंगराच्या पायथ्याशी स्लिवार्का नावाचे आमचे गाव आहे. एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवले, आतून कल्हई केली, आणि माझी आताची मालकीण गेना आजी, तिच्या आजीने मला लग्नात माहेरून आणले. तेव्हा घरोघरी नळ नव्हते. खांद्यावरच्या आडव्या काठीला एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला माझी बहीण, अशा आम्ही झऱ्यावर जायचो. बहीण पुढे गळू लागली आणि मोडीत गेली.

नळ आले आणि मी चुलीमागच्या खुंटीवर गेले. कधी माझ्यात कांदे ठेवले, कधी कपडे वाळत घालायचे चिमटे. पण एक मान माझ्याकडून कुणी काढून घेतला नाही. आमच्याकडे कुणी नव्या कामाला निघाले की उंबऱ्यावर त्याच्यापुढे पाणी ओततात, म्हणजे काम पाण्यासारखे वाहते राहते. नवरी असो, सैन्यात निघालेला मुलगा असो की शाळेचा पहिला दिवस, त्यांच्यापुढे मीच रिकामी झाले. दर चार वर्षांनी नव्या सरपंचापुढेही मीच. ओतायचे काम गेना आजीचे, कारण तिच्या हाताला गुण आहे असे गाव मानते.

सरपंच मी पुष्कळ पाहिले. दोन्का मिहोवा ही त्यातली एक. आधी ती गुरांच्या दवाखान्यात मदतनीस होती. शपथेच्या दिवशी ती आजीला म्हणाली, "अर्धीच ओत गं आजी. उरलेलं कोंबड्यांना घाल." मला तिचा असा राग आला! मानाच्या भांड्याशी कोंबड्यांचे नाव घेणारी ही कोण टिकोजीराव?

पुढे नळांना पाणी देणारा झरा आटत चालला. जुना पाइप जागोजागी गंजलेला होताच. दोन्काने कचेरीच्या फळ्यावर लिहिले, पाणी एक दिवसाआड, दोन तास. जिल्ह्याहून टँकर आला की ती रांगेत सगळ्यांच्या शेवटी उभी राहायची. दोनदा तिच्या डब्यापर्यंत पाणी पोचलेच नाही. एकदा तिने फळ्यावर चुकीची वेळ लिहिली आणि निम्म्या गावाची भांडी कोरडी राहिली. दुसऱ्या दिवशी बेकरीसमोर उभी राहून, चूक माझी, असे तिने येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितले. खेटे घालून घालून तिने गावाचे नाव जिल्ह्याच्या टंचाईच्या यादीत घालून घेतले. त्या यादीवर टँकर मिळत होता, नवा पाइपही मिळणार होता. मात्र पाइपला दोन वर्षे लागतील, हेही तिने लपवले नाही.

लोकांना ते आवडले नाही. ही बाई तोंड उघडते ती वाईट बातमी द्यायलाच, असे बायका रांगेत बोलायच्या. खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटायचे.

अशात निवडणूक आली. पेट्रोल पंपाचा मालक वेल्को द्रेन्कोव दोन्काच्या विरोधात उभा राहिला. दोन वर्षे कशाला, मी स्वतःच्या पैशाने बोअर घेतली आहे, मतदानाआधी पाणी देतो, असे तो म्हणाला. शाळेच्या भिंतीला लागून त्याने दगडी पाणवठा बांधला. त्याला पितळेची तोटी बसवली आणि उद्घाटनाला गेना आजीच्या हातची डोलची मागितली.

आजीने मला व्हिनेगर आणि मीठ लावून घासले. कितीतरी वर्षांनी मला माझाच रंग दिसला. तेवढ्यात तिचा नातू यावोर आला. तो वेल्कोचा टँकर चालवायचा.

"आजी, उद्या तोटीला जे पाणी येईल ना, ते माझ्या टँकरचं. भिंतीमागे उभा करणारेय. बोअर कोरडी लागलीय. तू ओत आणि गप राहा."

"आणि परवा रे?"

"परवाचं परवा बघू. मला दोन पोरं आहेत, आजी."

दुसऱ्या दिवशी चौकात सारे गाव जमले. आजीने मला तोटीखाली धरले. पाणी आत पडले आणि मला आंबूस वास आला. तो टँकर एरवी डेअरीचे दूध वाहायचा. पिढ्यान्पिढ्या मी झऱ्याचे पाणी धरले आहे, मला का कळणार नाही? पण मित्रांनो, माझ्या अंगावर ऊन होते, गावाचे डोळे माझ्यावर होते आणि वर्तमानपत्राचा फोटोवाला मला जवळ, अजून जवळ घ्या म्हणत होता. मला ते फार आवडले. आजीने वेल्कोच्या पायांपुढे ओतले आणि मी लखलखत राहिले. टाळ्यांचा कडकडाट झाला. या एका क्षणाची मला आजही शरम वाटते.

वेल्को निवडून आला. कुणीकुणी साठवणीची पिंपे विकूनसुद्धा टाकली. तोटी मात्र कोरडी होती. पंपाची दुरुस्ती चालू आहे, असे गावाला सांगण्यात आले.

मग जिल्ह्याचे पत्र आले. तिथल्या कचेरीत कुणीतरी वर्तमानपत्रातला माझा फोटो पाहिला होता. तुमच्या गावात पाणी आले का, असे त्यांनी पाणवठा बांधणारा म्हणून वेल्कोलाच विचारले. खोटे उघडे पडू नये म्हणून त्याने, हो, आले, असे लिहून दिले. गावाचे नाव यादीतून गेले. जिल्ह्याचा टँकर बंद झाला, पाइप दुसऱ्या गावाला मिळाला. पुरावा म्हणून फायलीला माझा फोटो जोडला होता.

दोन्का आजीच्या स्वयंपाकघरात आली. मी खुंटीवर होते.

"आजी, भिंतीमागे टँकरच्या चाकांच्या खुणा मी नंतर पाहिल्या. ते पाणी टँकरचं होतं असं कुणी लिहून दिलं, तर यादी पुन्हा उघडेल. पण आधी ऐक. यावोरची नोकरी जाईल. लोक तुला नावं ठेवतील. आणि एवढं करूनही पाइप येईलच, असं मी सांगत नाही."

"मग आलीस कशाला? वेल्को निदान देतो तरी म्हणतो."

"नाही सही केलीस तरी मी तुझ्याशी बोलायची थांबणार नाही," दोन्का म्हणाली.

आजीने दार लावून घेतले. एकाने फक्त फायदा सांगितला होता, किंमत लपवली होती. दुसरीने किंमत आधी सांगितली. चांगल्या आणि वाईट पुढाऱ्यातला हा फरक मला खुंटीवर लटकून कळला, तोही फार उशिरा.

शपथेच्या दिवशी वेल्कोने माझ्यासाठी विकतच्या पाण्याच्या सहा बाटल्या पाठवल्या. आजीने त्या माझ्यात रिकाम्या केल्या आणि कचेरीच्या दारात उभी राहिली. वेल्को भाषणात म्हणाला की दोन्काबाईंनी मते मिळवायला गावाला मुद्दाम तहानलेले ठेवले. दोन्का मागे उभी होती. आजीने वळून तिच्याकडे पाहिले.

वेल्कोने उंबऱ्याकडे पाऊल उचलले. आजीने मला बाजूच्या फुलझाडांत ओतले आणि मग त्याच्यासमोर पालथे धरले.

"वेल्को, तुझ्यापुढे ओतायला माझ्याकडे पाणी नाही. त्या दिवशीचं पाणी टँकरचं होतं. मला माहीत होतं, तरी मी ओतलं."

वेल्को हसला. "आजीचं आता वय झालंय," तो म्हणाला. त्याच्यासोबत काही लोकही हसले.

यावोरने टोपी काढली. "वय नाही झालेलं. टँकर मीच उभा केला होता."

मग कुणी हसले नाही. वेल्को कोरडा उंबरा ओलांडून आत गेला आणि आजही तो सरपंच म्हणून आतच बसतो. यावोरची नोकरी त्याच दिवशी गेली. आजीने आणि त्याने कागदावर सह्या केल्या. गावाचे नाव यादीत पुन्हा लागले, पण सगळ्यांत खाली. तोवर आम्ही शेजारच्या गावातून पाणी आणतो. मीही जाते. सांडायचे नाही म्हणून आजी हळू चालते, आणि वाटेत भेटणारे तिची नजर चुकवतात, कारण टाळ्या त्यांनीही वाजवल्या होत्या.

माझा फोटो अजून त्या फायलीत आहे. त्यात मी सोन्यासारखी दिसते. मित्रांनो, मला घासू नका, पुन्हा मानाने मिरवू नका, माझे तेच मागणे आहे. आणि कुणी तुमच्यासमोर असे पाणी ओतले तर भांड्याकडे बघत बसू नका. त्या दिवशी भिंतीमागे जाऊन पाहायला दहा पावलेसुद्धा पडली नसती. सारे गाव उभे होते, कुणीही गेले नाही. तुम्ही जा.