भिवाजीची गाठ

“मॅडम, आत्ता नका सोडू. भरती जोरात हाय. तुमचा दोर पार घेऊन जाईल.”

भिवाजी हे दुसऱ्यांदा सांगत होता. डोंबिवलीच्या खाडीकाठी पिवळ्या तरंगत्या बोयांची लांबलचक माळ पसरली होती आणि तिला खालून हातभर जाळी जोडली होती. खाडीच्या अरुंद फाट्यात ही माळ आडवी बांधली की वाहत येणारं प्लास्टिक तिथेच अडणार होतं. फाट्याच्या अलीकडे महापालिकेची हद्द आणि पलीकडे ग्रामपंचायतीची. अलीकडचे म्हणत, कचरा पलीकडून येतो. पलीकडच्यांचं म्हणणं नेमकं उलटं. शेवटी वर्षभराच्या बैठकांनंतर दोघांनी मिळून ठराव केला. जाळी महापालिकेची, कचरा निवडायची शेड ग्रामपंचायतीची आणि निवडणाऱ्या बाया दोन्ही काठांच्या. आज त्याची चाचणी होती.

महापालिकेची तरुण इंजिनिअर अंतरा घड्याळाकडे बघत होती. अकराला पाहुणे यायचे होते. तेवढ्यात पलीकडून सरपंच बाबुरावांचा फोन आला.

“मॅडम, आम्ही केव्हाचे उभे आहोत! सगळे सदस्य मी कसे गोळा केलेत ते माझं मला माहीत. आज फसलं ना, तर ठराव मागे घ्या म्हणतील.”

अंतराने फोन छातीशी धरून भिवाजीकडे पाहिलं. साठी उलटलेला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेला हा माणूस केवळ त्याच्या होडीसाठी बोलावलेला होता. खाडीतला मासा गेल्यापासून तो एमआयडीसीत वॉचमन होता. आज त्याने ड्युटी बदलून घेतली होती. होडीला मात्र त्याने दरवर्षी न चुकता तेल पाजलं होतं.

“किती वेळ थांबायचं, काका?”

“ती निली चप्पल दिसते? ती उभी राहिली का बांधायचा.”

पाण्यावरून एक निळी चप्पल झपाझप आत चालली होती. अंतराने मिनिटभर विचार केला आणि फोन कानाला लावला. “साहेब, पाणी थांबेपर्यंत आपणही थांबू. जबाबदारी माझी.”

मग सगळा काठ त्या चपलेकडे बघू लागला. पाहुणे आले, तेही बघू लागले. चप्पल मंदावली. एकदा गिरकी घेतली. कुणीतरी ओरडलं, “थांबली!”

“नाय अजून,” भिवाजी म्हणाला. पण त्याचा पाय होडीत पडला होता.

चप्पल खरंच थांबली तेव्हा त्याने वल्हं मारलं. अलीकडच्या खांबाला बांधलेली माळ मागून सळसळत पाण्यात उतरत होती. आता ओहोटी सुटायच्या आत पलीकडचा खांब गाठायचा होता. वॉचमनच्या खुर्चीत आखडलेली त्याची पाठ कधी मोकळी झाली, त्याचं त्यालाच कळलं नाही. पलीकडे पोचला तर चिखलाने बुळबुळीत झालेली माळेच्या टोकाची लोखंडी कडी खांबाच्या आकड्यात बसेचना. दोनदा निसटली. माळ हळूहळू समुद्राच्या दिशेने वाकू लागली.

“सरपंच, धरा!”

बाबुराव पांढऱ्या पँटीनिशी गुडघाभर चिखलात उतरले आणि त्यांनी दोर पोटाशी कवटाळला. भिवाजीने होडीतला आपला जुना काथ्याचा दोर ओढून काढला. डोल जाळं लावताना खुंटाला मारायचा तसा कडीतून खांबाला वेढा घातला, दुसरा घातला, आतून टोक काढून पायाने रेटलं. सात वर्षं ती गाठ त्याने मारली नव्हती. बोटं मात्र जराही अडखळली नाहीत.

“सोडा आता.”

“सोडू? नक्की?”

“सोडा वो!”

ओहोटीने जोर धरला. आधी थर्माकोल आला, मग बाटल्या, पिशव्या, दुधाचे पुडे, थव्याने. माळ धनुष्यासारखी वाकली, करकरली. गाठ आवळली आणि तिथेच राहिली. मग असा गलका झाला की खारफुटीतले बगळे उडाले. अंतरा तर चिखलात नाचायचीच बाकी राहिली होती.

दुपारपर्यंत बायांनी टोपल्या भरभरून कचरा शेडमध्ये नेला. भिवाजीची बायको मंजुळाही त्यांच्यात होती. डोंगराएवढ्या ढिगाकडे बघून ती नवऱ्याला म्हणाली, “एवरा तर मासा बी कवा आनला नाय तुमी.”

तो हसला. मग हातापायांचा चिखल धुवायला वळला.

अंतरा वही घेऊन शेडमध्ये आली. “काका, जाळी रोज बघायला तुम्हीच हवेत. दोन्हीकडून मंजुरी आहे. पद काय लिहू? यादीत मदतनीस आहे, सफाई सहायक आहे.”

“कोली लिवा.”

“तसं पद नाहीये हो.”

“मंग त्याला मी काय करू? मी तर तोच हाय.”

अंतराचं पेन अडलं. चिखलाची पँट वाळवत बसलेले बाबुराव तिथूनच म्हणाले, “लिहा की मॅडम. ग्रामपंचायतीची हरकत नाही.”

“मग महापालिकेचीही नसेल,” ती म्हणाली आणि तिने ‘कोळी’ असं लिहिलं.

वही त्याच्यापुढे आली. हात ओले होते म्हणून त्याने ते पाठीमागे धरले आणि खाली वाकून तो एक शब्द दोनदा वाचला.